नहरबाबूचे नऊ ते अकरा

माझ्या औषधाच्या दुकानासमोर एक बाकडं आहे. त्यावर तो पाय वर घ्यायचा, पँट गुडघ्यापर्यंत सरकवायचा, नडगीवर अंगठा रोवायचा आणि दहापर्यंत मोजून उचलायचा. तिथे खड्डा पडायचा. त्या खड्ड्यात करंगळीचं टोक घालून तो मला हाक मारायचा, "पाह्य बरं गा, आज अर्धा पेर भरला."

अर्धा पेर, पाऊण पेर, एक पेर. डॉक्टर त्याला सूज म्हणत, तो पातळी म्हणायचा. नहरेच्या भिंतीवर आकडे रंगवलेली पट्टी असते, तशी पट्टी त्याने आपल्या नडगीवर मनानेच रंगवून घेतली होती.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. ज्याचं खरं नाव सरकारी कागदावर असतं आणि गावात त्याची कोणाला गरज पडत नाही. आम्ही त्याला नहरबाबू म्हणायचो, तोंडावर बाबूजी. आमच्याकडे कालव्याला नहर म्हणतात. इटियाडोह धरणाचं पाणी घेऊन येणाऱ्या नहरेची एक लहान शाखा आमच्या चार गावांतून जाते, तिचा हा चौकीदार. बाबू ही बढती गावाने दिलेली. खात्याने त्याला तीस वर्षांत एक टॉर्च, एक शिट्टी आणि एक रेनकोट दिला. रेनकोट आला तेव्हा उन्हाळा होता.

मी जरा वाढवून सांगतो, हे आमच्या चौकात सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही तुमच्या सोयीने अर्धं वजा करून घ्या. पण त्याच्या शिट्टीबद्दल एक अक्षर वजा करू नका. ती शिट्टी वाजली की नहरेतले बगळे उडायचे, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, वाकलेल्या बाया कंबर सरळ करायच्या आणि ज्याने कोणी चोरून पाणी वळवलं असेल त्याच्या पोटात तीन दिवस अन्न थांबत नसे. पाण्याचा तर त्याला वास यायचा. आमच्या दुकानात बसून तो नाक वर करायचा आणि सांगायचा, "गेटवर कोणीतं फळी सरकवली." जाऊन बघावं तर फळी सरकलेली.

आता एवढं समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं आहे. नहर जिथे सुरू होते ते हेड, जिथे संपते ते टेल. हेडच्या लोकांच्या बांध्या आधी भरतात. त्यांनी मन मोठं केलं तर टेलला पाणी पोचतं, आणि पाण्याच्या बाबतीत मन मोठं केलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मध्ये एक गेट आहे, त्यात लाकडी फळ्या. एक फळी खाली सरकवली की पाणी हेडच्या बांध्यांत वळतं आणि टेलची नहर दुपारपर्यंत आटते. उन्हाळी धानाला बारा दिवस पाणी आणि बारा दिवस बंद, अशी पाळी असते. पाण्याच्या त्या बारा दिवसांत नहरबाबू त्या गेटवर बसून राहायचा. कोणी वाद घालायला आला की त्याचं एकच वाक्य: "ज्याची पाळी, त्याचा पाणी." आमदाराचा माणूस आला तरी हेच आणि सख्खा साळा आला तरी हेच. त्याच्या घरी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि फोटोच्या बरोबर खाली पाणीपाळीचा कागद चिकटवलेला. घरात शिरणाऱ्याने आधी एकाला जयभीम करावा आणि मग दुसरा वाचावा, अशी व्यवस्था.

एका हिवाळ्यात सायकल चालवताना त्याला दम लागायला लागला. गोंदियाच्या डॉक्टरने बीपी मोजला. यंत्रातला पारा काच फोडून छताला जाऊन लागला, असं मी चौकात सांगतो. त्याची बायको दोनशे म्हणते. तिचं धरा. डॉक्टरने सांगितलं की हृदय थकलंय, अंगात पाणी साचतंय. मीठ बंद केलं, म्हणजे त्याची जीव की प्राण असलेली सुकसी, ती सुकवलेली मासळी, घरातून हद्दपार झाली. आणि दोन गोळ्या दिल्या, रोज सकाळी, जन्मभर. एक बीपीची. एक लघवीची, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी काढून टाकणारी.

बीपीच्या गोळीशी त्याचं जमलं. एकदम उठलं की चक्कर यायची, म्हणून तो उठताना आधी सायकलचं हँडल धरायचा, डोळे मिटायचा, मग उभा राहायचा. बघणाऱ्याला वाटायचं सायकलला नमस्कार करतोय. भांडण लागलं ते लघवीच्या गोळीशी. मसूर डाळीच्या दाण्याएवढी गोळी. आठ वाजता घेतली की नऊपर्यंत काही नाही. नऊला जी सुरुवात व्हायची ती अकरापर्यंत. दर दहा मिनिटांनी. माणूस वाक्य सुरू करायचा आणि पूर्ण करायला परत यायचा.

बरं, कुठेही उभं राहावं आणि मोकळं व्हावं, एवढी सोपी रीत त्याची नव्हती. नहरेच्या काठावर तर नाहीच, नहरेतून दिसेल अशा जागीही नाही. मी एकदा म्हटलं, "बाबूजी, इतक्या पाण्यात कोणाला कळणार आहे?" तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच त्याच्या अंगणात काही करून ठेवलंय.

"खालतं लोक तोंड धुतेत," तो म्हणाला. "ढोरं पेतेत. टेलच्या सुगंधाबाईच्या बांधीत तोच पाणी जाते. मी नहरेचा माणूस होऊन त्यात घाण करू का?"

म्हणून तो पळसाच्या झाडांपलीकडे जायचा. तीनशे पावलं जायची, तीनशे यायची. महिनाभरात तिथे पायवाट पडली. दुसऱ्या महिन्यात त्या वाटेने बैलगाड्या जायला लागल्या. हे मी वाढवून सांगतोय, पण वाट खरीच पडली होती, अजून दिसते.

इथवर हसायला हरकत नाही. आम्हीही हसलो. सगळ्यांत जास्त मी.

चौकातल्या चहाच्या टपरीवर मी त्याच्या गोळीचं आख्यान लावलं. सकाळची गर्दी, ऐकणारे पंधरा-वीस. मी उभा राहून नहरबाबूची चाल करून दाखवली: आधी साधी चाल, मग घाईची, मग धोतर नसताना धोतर सावरत पळणं. "बंधूंनो," मी म्हटलं, "हेडचं गेट बाबूजीच्या हातात आणि बाबूजीचं गेट माझ्या गोळीच्या हातात. आठला गोळी, नऊ ते अकरा पाणी सोडणे सुरू. रेल्वे चुकेल, हे टायमिंग चुकणार नाही." लोक इतके हसले की एकाच्या नाकातून चहा आला. हेडचा भैयालाल तिथेच होता. तो सगळ्यांत कमी हसला आणि त्याने दोनदा विचारलं, "नऊ ते अकराच न? पक्का?"

"पक्का," मी म्हटलं. मला वाटलं त्याला गोष्ट आवडली.

भैयालाल वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, सगळं त्याच्या डोक्यावर टाकून मी मोकळा झालो असतो. माझ्या दुकानाचे टिन वादळात उडाले तेव्हा शिडी घेऊन सगळ्यांत आधी तोच आला होता. पण हेडला त्याच्या बारा एकर बांध्या होत्या आणि उन्हाळी धान तहानलेला होता.

पुढच्या पाण्याच्या पाळीत भैयालाल सकाळी सव्वाआठला गेटवर थर्मास घेऊन हजर. "बाबूजी, चाय घ्या." दुसऱ्या दिवशी चहा आणि मही, म्हणजे ताक. तिसऱ्या दिवशी टरबूज. आमच्याकडे समोर आलेलं नाकारलं तर समोरच्याला लागतं आणि नहरबाबू कोणाला लागेल असं वागायचा नाही, पाण्याची पाळी सोडून. तो घ्यायचा. नऊ वाजता पळसाकडे निघायचा. परत येईपर्यंत फळी खाली सरकलेली. तो वर करायचा, दहा मिनिटांनी पुन्हा निघायचा. दोन तासांत बारा फेऱ्या, बारा वेळा फळी. त्याला वाटायचं लाकूड फुगल्यामुळे आपोआप घसरते. ज्याला गावभराच्या पाण्याचा वास यायचा, त्याला आपल्या गेटचा आला नाही. त्या दोन तासांत त्याला दुसरं काही सुचतच नव्हतं.

आठवड्याने सुगंधाबाई माझ्या दुकानाशी आली. टेलची, एकटी राहणारी, पाऊण एकराची मालकीण. नवरा जाऊन वर्षं झाली होती. नहरबाबू बाकड्यावर पाय वर घेऊन पातळी मोजत होता.

"बाबूजी, पाणी येऊन रायला नाई," ती म्हणाली.

"सोडून रायलो न बाई, रोज."

"दुपारी आटते. धान गरभात आला, आता नाई भेटला त दाणा नाई, पोचे भरतीन. काऊन येऊन नाई रायला, तुमीच सांगा. सकाळी नऊ वाजता त नहर कोणी ओठ लावून पेल्यासारखी खाली उतरते."

त्याने पाय खाली घेतला. पँट खाली सोडली. सुगंधाबाई गेल्यावर मला म्हणाला, "नऊ वाजताचा टाइम तूच सांगितला न गा चौकात?"

मी म्हटलं, "बाबूजी, मी गमतीनं…"

"गमतीचाच होता," तो म्हणाला. "मी बी हासलो असतो. पर मी गेटवर होतो."

तो रागावला असता तर मी निभावून नेलं असतं. शिव्या मी चांगल्या पचवतो.

त्याच संध्याकाळी मी टपरीवर गेलो आणि आयुष्यातलं सगळ्यांत मन लावून खोटं बोललो. म्हटलं, बाबूजीची गोळी बदलली. नवी गोळी नागपूरहून आलीय. हिच्यात लघवी होतच नाही, सगळं पाणी घामावाटे निघून जातं, आता तो सकाळभर गेटवरून हलणार नाही. कोणी हसलं नाही. भैयालाल बशीतला चहा फुंकत म्हणाला, "तू आता कायले खोटा बोलून रायला? एकदा खरा बोलला होता, तेवढा पुरे आहे."

बाकीच्यांनी माना हलवल्या. वीस वर्षं मी त्या टपरीवर वाघ, भुतं आणि नवेगावच्या तलावातला म्हशीएवढा मासा विकलाय, सगळ्यांनी हसून घेतला आणि कोणी घरी नेला नाही. त्यांनी खरी धरलेली माझी एकच गोष्ट होती.

नहरबाबूने गोळी संध्याकाळी घेऊन पाहिली. पण पाणी चोवीस तास वाहतं आणि अंधारात तर फळी सरकवायला थर्मासही लागत नाही. मग एक दिवस असं झालं की भैयालालने चहा दिला आणि नहरबाबू जागचा हलला नाही. दुसरा कप दिला. हलला नाही. चार कप झाले. साडेदहा वाजले. नहरबाबू पोत्यावर मांडी घालून पाण्याकडे बघत बसलेला. पाचवा कप भैयालालने वैतागून स्वतः घेतला, आणि अकराच्या सुमाराला लोकांनी पाहिलं की पळसाकडे भैयालालच घाईघाईने चाललाय.

ही गोष्ट मी चौकात सतरा वेळा सांगितली. टेलला पाणी पोचलं. सुगंधाबाईच्या बांधीत घोटाभर पाणी उभं राहिलं, तिने मला वाटीभर मोहफुलं आणून दिली, मी काहीच केलेलं नसताना. मला वाटलं, झालं, माणूस बरा झाला. औषधाचा धंदा करणाऱ्या माणसाला असं वाटावं, यावरून बघा मला धंद्याची किती अक्कल होती.

मग त्याची बायको दुकानात आली. पदराच्या गाठीतून तिने पाकीट काढलं. बीपीच्या गोळ्या संपत आलेल्या, लघवीच्या जशाच्या तशा.

"भाऊ, ते घेऊन नाई रायले," ती म्हणाली. "पायात चप्पल जात नाई. पडता येत नाई, पडले का छाती भरते. भिंतीले टेकून बसून झोपतेत."

मी सायकल काढून गेटवर गेलो. त्याने चपलेचे पट्टे ब्लेडने कापून सुतळीने बांधले होते. पाय म्हणजे दोन भोपळे. मी सांगायला लागलो की गोळी रोज घ्यावीच लागते, हे असं चालत नाही, छातीत पाणी भरेल. त्याने हाताने थांबवलं. त्याने सगळं ठरवून टाकलं होतं.

"इकडे पाह्य," तो म्हणाला. "धरणाचा गेट रोज उघडतेत का? नाई. साठवाचा असला का बंद ठेवतेत. मंग टाइम आला का सोडतेत. आता बारा दिवस नहरेले पाणी आहे, त माझा गेट बंद. नहर बंद झाली का मी घरी. तवा मी सोडीन. बारा दिवसाच्या बारा गोळ्या. दिवसाले तीन, चार दिवसात पुरा खाली."

"बाबूजी, तुम्ही धरण नाही."

"धरणाले तरी कुठं वाटत असन, का आपून धरण आहो म्हणून?"

मी डॉक्टरचं नाव काढलं. तो म्हणाला, डॉक्टर हुशार आहे, पण त्याने नहर पाहिली नाही. मी म्हटलं, बारा दिवस दुसऱ्या कोणाला बसवा. तो म्हणाला, "कोणाले? तुले?" खरंच, मला का नाही? दुकान होतं, हे एक. आणि मी बसलो असतो तर भैयालालने मला पहिल्या कपातच गप्पांना लावलं असतं, हेही त्याला माहीत होतं आणि मलाही.

मग मी आणि त्याच्या बायकोने एक डाव केला. गोळी कुटून मह्यात कालवली, वर जिरं घातलं. तिने गेटवर नेऊन दिली. त्याने एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि तिला म्हणाला, "तीस वर्ष पाण्यात कोण काय टाकते तेच पाहून रायलो. मेडिकलवाल्याले सांगजो, जिरा जास्त झाला."

पाळी संपली. तो घरी गेला आणि त्याने सांगितलं तसंच केलं, दिवसाला तीन. चार दिवसांनी बाकड्यावर येऊन पँट वर केली. नडगीचं हाड दिसत होतं, अंगठा दाबला तरी खड्डा नाही. "आता बोल," तो म्हणाला. गालफडं बसली होती, ओठ चिरले होते, पायात रात्रभर गोळे आले म्हणाला. पण पातळी शून्य होती. पुढच्या पाळीतही त्याने तेच केलं, आणि तेच जमलं. टेलच्या धानाला लोंब बाहेर पडली. दोन वेळा जमलं, हाच सगळा घोटाळा झाला. पहिल्याच वेळी फसला असता तर घाबरला असता.

तिसरी पाळी संपली ती ऐन एप्रिलच्या तापात. अंगातलं पाणी घामाने आधीच चाललेलं, वरून बीपीची गोळी सुरू, आणि याने दिवसाला तीन सुरू केल्या. तिसऱ्या दिवशी अंगणात सायकलचं हँडल धरून उभा राहायला गेला तो सायकलीसकट खाली आला. गोंदियाला नेईपर्यंत लघवी थांबली होती. डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या बसल्या. हृदयाला हवं तेव्हा पाणी काढलं नाही, आणि काढलं ते असं काढलं की किडन्या कोरड्या पडल्या. डॉक्टरने मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचंच मेडिकल ना? तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला सगळं माहीत होतं. चौकात मी सांगतो की मी डॉक्टरला असं असं उत्तर दिलं. काही दिलं नाही.

पंधरा दिवसांनी त्याला घरी आणलं. आठवड्यातून दोनदा गोंदियाला नेऊन मशीनवर रक्त धुवायचं, आणि दिवसभरात पाणी मोजून प्यायचं. चहा, वरण, पाणी, सगळं मिळून एक लहान बाटली. बायको ती बाटली उशाशी ठेवायची आणि झाकणाने मोजून द्यायची. मेमधल्या उन्हात, झाकणाने. मशीनवर तो तीनदा गेला. चौथ्या वेळी म्हणाला, आता नाई येत. बायको रडली, मी वाद घातला, त्याने भिंतीकडे तोंड केलं.

नहरेची शेवटची पाळी सुरू झाली होती. गेटवर कोणी नव्हतं. त्याच्या जागी नवा माणूस यायचा तो आला नाही. फळी खाली सरकवलेली, आता ती लपवून करण्याचीही गरज उरली नव्हती. मी त्याला भेटायला गेलो की त्याचा पहिला प्रश्न: "टेलले पाणी गेला का गा?"

मी म्हणालो, "गेला."

"सुगंधाबाईच्या बांधीत?"

"घोटाभर." आणि मग मी थांबलोच नाही. बगळे बसलेत म्हटलं, लोंबी वाकल्यात म्हटलं, भैयालालला लोकांनी दम दिला म्हटलं. मला येतं ते सगळं मी त्याच्या खाटेपाशी ओतलं. तो डोळे मिटून ऐकत होता. सगळं झाल्यावर म्हणाला, "उद्या मले नेऊन दाखव."

मी दोन दिवस टाळलं. गाडी बिघडली, दुकानात माल आला, ऊन फार आहे. तिसऱ्या दिवशी तो सकाळीच पँट घालून दारात बसलेला. बायकोने त्याला माझ्या मोटरसायकलवर मागे बसवला आणि आपल्या लुगड्याने माझ्या पाठीशी बांधला. त्याचा श्वास माझ्या मानेवर लागत होता, तुटक. हेडला बांध्या काठोकाठ भरल्या होत्या. भैयालाल पारीवर, म्हणजे बांधावर, उभा होता. आम्हाला पाहून त्याने हात जोडले, कदाचित मनापासून. तो काहीतरी बोललाही, गाडीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही आणि मी गाडी थांबवली नाही. गेट आलं, गेलं. पुढे नहर कोरडी होती. तळाला भेगा, त्यात प्लास्टिकच्या पन्न्या. मी मुद्दाम हळू चालवत होतो, वाटलं तो आता म्हणेल, फिरव गाडी.

सुगंधाबाईच्या बांधीत ढोरं चरत होती. तिनेच सोडली होती. लोंबी सरळ उभ्या होत्या, पांढऱ्या. आत दाणा नसला की लोंब वाकत नाही. मी लुगडं सोडून त्याला पारीवर उतरवलं. त्याने एक लोंब तोडली, तळहातावर चोळली, फुंकर मारली. हातावर काही उरलं नाही.

"बाबूजी," मी म्हटलं, "मी…"

"राहू दे," तो म्हणाला. "मले मालूम होता. नुसता ऐकून होत नाई न गा, पाहा लागते."

सुगंधाबाई घरातून निघाली ती आम्हाला पाहून परत आत वळली आणि गडवा घेऊन बोरिंगकडे गेली. बोरिंग तिच्या घरापासून लांब, शाळेपाशी. आम्ही तिला जाताना बघितलं, हांडल मारताना ऐकलं, भरलेला गडवा पदराने पुसत येताना बघितलं. गडवा त्याच्यापुढे धरून म्हणाली, "घ्या बाबूजी. उन्हातून आले."

तो मेला तो यानंतर तीन दिवसांनी, बसल्या बसल्या, भिंतीला टेकून. छाती पाण्याने भरली होती. त्याच्या घरून मी उरलेल्या गोळ्यांची पाकिटं परत आणली, कारण त्याच्या बायकोला ती घरात नको होती. नंतरच्या उन्हाळ्यात टेलच्या कोणी धान लावला नाही.

पण त्या दिवशी पारीवर मी त्याच्याशेजारी उभा होतो. दिवसभराची बाटली त्याने सकाळीच अर्धी संपवली होती, हे मला माहीत होतं. गडव्यात किती मावतं, तेही मला दिसत होतं. त्याने गडवा दोन्ही हातांनी घेतला, थोडा वर धरला आणि ओठ न लावता धार तोंडात सोडली. गळ्याची घाटी वर-खाली होत होती. मान, बनियन, सगळं भिजलं. सुगंधाबाई डोक्यावरचा पदर धरून बघत होती. त्याने गडवा पूर्ण रिकामा केला, खाली ठेवला, आणि तोंड पुसून तिला विचारलं, "आणखी आहे का वो बाई?"

ती पुन्हा बोरिंगकडे निघाली. मी तिला थांबवलं नाही.